अलिबागला उतरून पुढे चौल-रेवदंड्याला काय बघावं? (बीच नको, बनाना राईड तर नकोच)

ठाकुरद्वार_नाका · शुक्रवार रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये.

आईचं माहेरचं आडनाव चौलकर. जन्म गिरगावातला, लहानपणी रोज शाळेत जाताना भुलेश्वरच्या चेऊलवाडीवरून जायची, पण चौल म्हणून जे गाव आहे ते तिने आजतागायत बघितलेलं नाही. आजोबांनीही बघितलं होतं की नाही कोण जाणे. परवा जेवताना सहज म्हणाली की एकदा बघून यायला हवं रे, आणि मला एकदम अपराधी वाटलं, कारण ऑफिसच्या ग्रुपबरोबर मी अलिबागला सहा वेळा तरी जाऊन आलोय आणि चौल तिथून फक्त पंधरा किलोमीटरवर आहे. सहाही वेळा आम्ही काय केलं तर किहीम, नागाव, चिकन, झोप.

तर दिवाळीनंतर दोन दिवस. मी, बायको, आई. आईचं वय ७४, चालायला ठणठणीत पण गुडघ्यामुळे चढ जमत नाही. सगळीकडे तेच तेच सांगतात, कुलाबा किल्ला करा, वरसोलीला सनसेट बघा, साळावचं बिर्ला मंदिर करा. ते ठीक आहे, पण त्याच्या अलीकडचं पलीकडचं कोणी सांगेल का? गर्दी नको, आणि जिथे गेल्यावर आईला वाटेल की हो, हे आपलं गाव होतं असं काहीतरी.

---

अर्धा_कटिंग · शुक्रवार रात्री १०:५५

आता तुमच्या आईंना कोणी विचारलं की अलिबागसे आयी है क्या, तर त्या ठणकावून सांगू शकतील की नाही, त्याच्याही पुढून 😄

---

खारी_हवा · शुक्रवार रात्री ११:१०

झाला का जोक करून? याच्यावर २०१९ ला हायकोर्टात याचिका गेलेली, बंदी घाला म्हणून. कोर्टाने फेटाळली ती गोष्ट वेगळी. पण आमच्या गावचा माणूस लोअर परळला डबा उघडून बसला की आजपण ऐकतो हे. असो. धागा चांगला आहे, उद्या सविस्तर लिहितो, आता थळला घरी आलोय आणि रेंज नाय.

---

रेवदंडेकरीण · शनिवार सकाळी ७:३१

शीर्षकात रेवदंडा बघून लॉगिन केलं, नाहीतर मी नुसती वाचनमात्र असते. माहेर रेवदंडा, आता लालबागला.

आधी एक सांगते, चौल आणि रेवदंडा हे बाहेरच्यांना एकच वाटतं आणि आम्हालाही कुठे एक संपतं कुठे दुसरं चालू होतं हे रस्त्यावरून सांगता येणार नाही, पण तटबंदीच्या आतलं ते रेवदंडा. म्हणजे अख्खं गावच किल्ल्यात आहे. बाहेरचे लोक येतात आणि विचारतात किल्ला कुठे आहे, अहो तुम्ही आत्ताच त्याच्या तटातून गाडी घेऊन आलात. शाळा, बँक, मच्छी बाजार, आमचं घर, सगळं आत. लहानपणी आम्हाला हे काही विशेष वाटायचं नाही, कुंपणाला टेकून उभं राहावं तसं आम्ही पोर्तुगीज तटाला टेकून उभे राहायचो.

काकूंसाठी माझा प्लॅन असा:

चौलचं रामेश्वर मंदिर सकाळी लवकर. अजिबात चढ नाही, रस्त्याला लागून. समोर मोठी पुष्करणी आहे, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या, आणि सकाळी साडेसात-आठला तिथे तुम्ही आणि पाण्यावर वाकलेले माड एवढंच. मंदिरात तीन कुंडं आहेत, अग्निकुंड, वायुकुंड आणि पर्जन्यकुंड, तिन्ही वरून बंद केलेली. पाऊस फारच लांबला, दुष्काळच पडला तर गावकरी मिळून पर्जन्यकुंड उघडायचे अशी पद्धत. मुद्दाम बघा नाहीतर लोक त्याच्यावर पाय देऊन दर्शन घेऊन निघून जातात आणि त्यांना कळतही नाही.

मग शीतळादेवी. तिथपर्यंतचा रस्ताच बघण्यासारखा आहे, दोन्ही बाजूंना वाड्या, नारळ उंच आणि खाली सुपारी, ऊन जमिनीवर पोचतच नाही. गाडी बाहेर ठेवून काकूंना हळूहळू चालवत न्या. वाडीत शिरू नका मात्र, त्या लोकांच्या घरच्या आहेत. विचारलंत तर कोणी नाही म्हणणार नाही, उलट शहाळं काढून देतील. न विचारता आत जाऊन सुपारीच्या झाडाला टेकून फोटो काढणारे असतात त्यांचा आम्हाला वैताग येतो.

दुपारी जेवण, झोप. संध्याकाळी रेवदंड्याचा किनारा, पण पोहायला म्हणून नाही. वाळू काळी आहे, गोव्यासारखं काही नाही, तुम्हाला ते नकोच आहे. तट थेट पाण्यापर्यंत येतो. तिथून आत वाडीतून गेलात की सातखणी. सात मजल्यांचा मनोरा होता म्हणून सातखणी, आता चारच उरलेत. तोही कसला उभा आहे, वडाची मुळं धरून ठेवताहेत की पाडताहेत ते कळत नाही. खाली तोफा पडल्यात. आम्ही पोरं त्यांच्यावर बसून आवळे खायचो.

हिंगलाज आणि दत्ताचा डोंगर काकूंना जमणार नाही. दत्ताला खूप पायऱ्या आहेत, चांगला दम निघतो. पण तुम्ही दोघं पहाटे जाऊन या, वरून सगळं आगर दिसतं. दत्तजयंतीला यात्रा असते पाच दिवस, तेव्हा मात्र इकडे फिरकू नका, किंवा तेव्हाच या, तुमच्या स्वभावावर आहे.

---

ठाकुरद्वार_नाका · शनिवार सकाळी ८:०२

बाप रे, याच्यासाठीच धागा काढला होता. धन्यवाद ताई. आईला वाचून दाखवलं. तिने विचारलंय की आगर म्हणजे काय, आगरी लोकांचं मीठागर तेच का?

---

रेवदंडेकरीण · शनिवार सकाळी ८:२०

नाही, इथे आगर म्हणजे बागायत, माडा-पोफळीची. अष्टागर म्हणतात ना या पट्ट्याला. आठ गावं कोणती हे विचारलंत तर प्रत्येक गाव आपलं नाव आधी घेऊन यादी सांगेल, रेवदंडा, चौल, नागाव, अक्षी, थळ, किहीम एवढ्यांवर भांडण होत नाही.

---

शिळाप्रेस · शनिवार दुपारी १:१५

धागाकर्त्यांच्या आईंना एक गंमत सांगा. चौलला जायच्या आधी एक दिवस बोरिवलीला कान्हेरीला जा (तिथे चढ आहे, तुम्हीच जा). कान्हेरीच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांच्या गावांची नावं आहेत, सोपारा, कल्याण आणि चेमुल. चेमुल म्हणजे चौल. म्हणजे मुंबई नावाचं काही अस्तित्वात नव्हतं, सात बेटांवर कोळी आणि ताडमाड, तेव्हा चौलचे व्यापारी इतके पैसेवाले होते की साष्टीतल्या लेण्यांना देणग्या देत होते. टॉलेमीच्या भूगोलात आहे, पेरिप्लस या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात सेमुल्ला म्हणून आहे, अरब लोक सैमूर म्हणायचे. आजच्या मुंबईकराने वीकेंडला चौलला जाऊन तिथल्या माणसाला गावंढळ समजणं म्हणजे नातवाने पणजोबाला समुद्र कसा असतो ते शिकवणं.

आता रेवदंड्यात कोणीच बघत नाही अशी गोष्ट. तिथल्या हायस्कूलच्या आवारात एका रशियन माणसाचं स्मारक आहे. अफनासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी, १५ व्या शतकात उतरला तो चौलला. वास्को द गामा १४९८ चा, हा त्याच्या आधीचा. याच्याकडे विकायला काय होतं, तर एक घोडा. हिंदुस्थानात घोड्याला भाव चांगला मिळतो असं ऐकून आलेला. तो घोडा घेऊन जुन्नरला गेला तर तिथल्या सुभेदाराने घोडाच काढून घेतला आणि म्हणाला मुसलमान हो, मग देतो. शेवटी कसाबसा परत मिळाला आणि पुढे बिदरला विकला. त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक डोकं उघडं ठेवतात, अंगात काही घालत नाहीत आणि मी जाईन तिथे माझ्यामागे माणसं लागतात, गोऱ्या माणसाचं नवल वाटून. म्हणजे सेल्फी काढायला मागे लागणं हे आपल्याकडे जुनं आहे.

शाळा चालू असेल तर ऑफिसात विचारून जा, शिपाई सोडतात.

पोर्तुगीज म्हणाल तर १५०८ ला चौलच्या खाडीत इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने त्यांना धुतलं, व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो इथेच मेला. मग १५२१ च्या सुमाराला निजामशहाकडून परवानगी काढून कोट बांधायला घेतला. त्याच निजामशाहीने पुढे १५७०-७१ ला वेढा घातला, जमला नाही. १७४० ला मराठ्यांकडे आलं. बाकीचं रेवदंडेकरीण ताईंनी टेकून उभं राहून सांगितलंच आहे.

---

अर्धा_कटिंग · शनिवार दुपारी १:२८

एक घोडा घेऊन रशियावरून?? आम्ही एक सोफा डोंबिवलीहून मुलुंडला आणताना रडलो.

---

शिळाप्रेस · शनिवार दुपारी १:४०

घोडा वाटेत होर्मुझला घेतला असावा. पण दु:ख तेच.

अजून एक, अलिबागहून चौलला जाताना अक्षी लागतं. अक्षीचा शिलालेख, शके ९३४ म्हणजे १०१२. मराठीतला सगळ्यात जुना शिलालेख. सुरुवातच आहे जगी सुख नांदो अशा अर्थाची, आणि त्यात राजाला पश्चिम समुद्राचा अधिपती, कोकणचा चक्रवर्ती म्हटलंय, केसीदेवराय. वर चंद्र-सूर्य आणि खाली गधेगाळ, म्हणजे हे दान जो मोडेल त्याला जी शिवी द्यायची ती. कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला पडून होता. त्याच्यावरून एसट्या धूळ उडवत गेल्यात.

---

जुनी_लोकल · शनिवार संध्याकाळी ५:०५

सगळ्यात जुना वगैरे सरसकट म्हणू नका. आम्हाला शाळेत श्रवणबेळगोळ शिकवलं, श्रीचावुण्डराजें करवियलें. अक्षीच्या काळावर अभ्यासकांचे वाद आहेत.

---

शिळाप्रेस · शनिवार संध्याकाळी ५:३२

वाद आहेत, मान्य. पण शिलालेखांचे अभ्यासक तुळपुळे, त्यांनी ९३४ वाचलंय आणि श्रवणबेळगोळचं मराठी वाक्य त्याच्या शंभरएक वर्षं नंतरचं आहे. शाळेत आपल्याला ग्रह पण नऊ शिकवले होते.

---

जुनी_लोकल · शनिवार संध्याकाळी ५:५०

ठीक आहे, भांडत नाही. मी वेगळं सांगायला आलो होतो.

अलिबागमध्ये किनाऱ्यालगत एक जुनं आवार आहे, झाडीत लपलेलं, त्याच्यासमोर उभं राहून लोक भेळ खातात आणि पाटी वाचत नाहीत. चुंबकीय वेधशाळा. याचा थेट संबंध आपल्या ट्रामशी आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी आपल्याकडे कुलाब्याला चालायची, १८४० च्या दशकापासून. पुढे मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार असं ठरलं आणि विजेच्या त्या प्रवाहाने उपकरणांची सुई नाचायला लागणार हे उघड होतं. तेव्हा संचालक होते मूस म्हणून, पारशी गृहस्थ. त्यांनी ट्राम यायच्या आधीच जागा शोधली ती अलिबाग. १९०४ ला तिथे काम सुरू झालं आणि दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांशी नवे जुळवता यावेत. ट्राम धावली १९०७ ला. पुढे १९६४ ला ट्राम बंद पण पडली, वेधशाळा चालूच आहे. इमारत बांधताना लोखंड वापरलं नाही, चुंबकाला ओढेल असं काहीही नको म्हणून. शंभरहून जास्त वर्षांची सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

आत असं सहज सोडत नाहीत, आधी परवानगी घ्यावी लागते. पण बाहेरून जाताना तरी आईंना सांगा, ट्राममध्ये त्या बसल्या असतील.

---

ठाकुरद्वार_नाका · शनिवार संध्याकाळी ६:१४

बसली आहे काका. शेवटच्या दिवसांत बसली, लहान होती. हे ऐकून ती म्हणाली म्हणजे आमच्या ट्रामने त्यांना हाकललं.

---

खारी_हवा · शनिवार रात्री ९:४८

आलो. आता ऐका.

पयलं म्हणजे कसं यायचं. गाडी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रोरो, गाडी आत घाला, तासाभरात मांडवा. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये सापडलात तर त्या वेळात तुम्ही पुण्याला जाऊन याल. गाडी नसेल तर गेटवेवरून कॅटामरान, त्याच तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंत बस असते, ती चुकवू नका. गेटवेवाल्या पावसाळ्यात बंद असतात, दिवाळीनंतर काही प्रॉब्लेम नाय. अलिबाग एसटी स्टँडवरून रेवदंड्याला गाड्या भरपूर.

दुसरं, सगळे विचारतात कुलाबा किल्ल्यात चालत कधी जाता येतं. मोबाईलमध्ये भरतीचं अ‍ॅप बघतात आणि तरी भिजतात. आमचं साधं गणित आहे, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, आणि त्याच्यापुढे सहा तासांनी बारा वाजता पूर्ण ओहोटी. म्हणून अष्टमी-नवमीला दुपारी निवांत चालत जा. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या आसपास पाणी टम्म, तेव्हा जेटीवर उभे राहून ओरडणारे मुंबईवाले बघायला मज्जा येते. थोडं पुढेमागे होतं, पण आमचे बाबा घड्याळाशिवाय यावरच होडी काढायचे.

तिसरं, खांदेरी. २०२५ ला युनेस्कोच्या यादीत आपले बारा किल्ले गेले ना, त्यात खांदेरी आहे. आमच्या थळवरून होडी जाते. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, आमच्या कोळ्यांचा देव, आणि एक दगड आहे ज्याच्यावर छोटा दगड मारला की भांड्यासारखा आवाज येतो. १८६७ चा दीपगृह आहे. पण काकूंना होडीत चढणं-उतरणं जड जाईल, खरं सांगतो.

चौथं आणि महत्त्वाचं, दिवाळीनंतर म्हणजे डिसेंबरला धरून आलात तर पोपटी. हॉटेलातली नाय. एका ठिकाणी, नाव नाय घेत, माणशी एवढे पैसे घेतले की मी बिल बघून दोनदा डोळे चोळले आणि मडक्यात भांबुर्डा नव्हताच, कोबीची पानं होती. कोबीची! पोपटी म्हणजे मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, वाटल्यास अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून परत पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाय. भांबुर्डा शेताच्या बांधावर फुकट उगवतो, त्याच्या वासाशिवाय ती पोपटी नाय, उकडलेल्या शेंगा आहेत. ज्यांच्याकडे राहाल त्यांना आधी दोन दिवस सांगा, ते करतील.

येताना पांढरा कांदा आणू नका एवढ्यात, तो फेब्रुवारीनंतर. आता जो रस्त्यावर माळ लावून विकतात त्यातला अर्धा बाहेरचा असतो. जीआय मानांकन मिळाल्यापासून सगळेच कांदे अलिबागचे झालेत.

---

पायपीट · शनिवार रात्री १०:३०

सगळं छान आहे पण एक प्रामाणिक प्रश्न. असे धागे काढूनच या जागांची वाट लागते ना? सातखणीच्या आसपास आता वेफरची पाकिटं असतात. आठ वर्षांपूर्वी गेलो होतो तेव्हा नव्हती.

---

रेवदंडेकरीण · शनिवार रात्री ११:०२

पाकिटं आमच्या गावच्या पोरांची पण असतात, सगळं मुंबईकरांवर नको. आणि खरं सांगू, कोणी येत नाही म्हणून पण वाट लागते. चौलचा हमामखाना बघा, केवढी सुंदर वास्तू होती, मध्ये घुमटाची खोली, पाणी फिरवायची सोय, आणि किती वर्षं झाडोऱ्यात बुडालेली. गावात कोणाला विचारलं तर अर्ध्यांना रस्ता सांगता येत नाही. चार माणसं विचारत आली की गावाला वाटतं हे काहीतरी आहे. फक्त चारच यावीत, चाळीस बाईक नकोत, एवढंच.

---

पोह्यांची_ताटली · रविवार सकाळी ९:२०

कोणीच उल्लेख केला नाही म्हणून लिहितेय. माझी आजी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, भायखळ्याला वाढलेली पण आडनावात गाव कोकणातलंच, आमच्यात सगळी आडनावं तशीच, पेणकर, रोहेकर, थळकर, आणि हो, चेऊलकर सुद्धा! त्यामुळे तुमच्या आईंचे आणि आमचे गाववाले एकच.

आमच्याकडे सांगतात की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं आणि वाचलेल्या लोकांपासून आम्ही सगळे. नवगावला त्याचं स्मारक आहे, जुनी कबरस्तानाची जागा. ते लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली. अलिबागात इस्रायल आळी आहे, तिथलं सिनेगॉग मागेन अबोथ, आणि रेवदंड्यात पण आहे, बेथ एल, १८४२ चं. आता रेवदंड्यात प्रार्थनेला दहा पुरुष जमणं कठीण, बहुतेक सगळे इस्रायलला. बाहेरून बघा, उघडं असेल आणि कोणी असेल तर डोकं झाकून आत जाता येतं, फक्त शनिवारी फोटो काढू नका.

आणि सागावजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, एलियाहू हनाबीचा टाप म्हणतात. संदेष्टा एलिया रथातून स्वर्गात जाताना घोड्याची टाप इथे उमटली अशी श्रद्धा. आजी नवस फेडायला तिथे जाऊन मलिदा करायची, म्हणजे गोड पोहे, गूळ-खोबरं घातलेले, वर फळं. बायबलमधला नबी आणि प्रसादाला पोहे. माझ्या इस्रायलमधल्या चुलतभावाला तिथल्या लोकांना हे समजावताना घाम फुटतो.

---

शिळाप्रेस · रविवार सकाळी १०:०५

वा! आणि आपल्या मशीद बंदर स्टेशनचं नाव पण मांडवीच्या १७९६ च्या सिनेगॉगवरून पडलं असं म्हणतात.

याच धर्तीवर, पूल ओलांडून कोर्लई. किल्ला सगळे करतात, गाव कोणी करत नाही. खाली ख्रिस्ती वस्ती आहे, त्यांची भाषा आहे नौ लिंग, म्हणजे आपली भाषा. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या लग्नातून झालेली. जेमतेम हजाराच्या आत-बाहेर माणसं बोलतात, जगात दुसरीकडे कुठेच नाही. १७४० ला पोर्तुगीज गेले, तेव्हापासून पोर्तुगालशी संबंध जवळपास तुटला, आजूबाजूला सगळी मराठी, तरी घरात टिकली. मुद्दाम जाऊन बोलून दाखवा मात्र म्हणू नका, ते काही प्राणिसंग्रहालय नाही. दुकानात चहा प्या, कानावर पडेल.

दीपगृहापर्यंत गाडी जाते, आई तिथे बसतील, तुम्ही दोघं वर जाऊन या. चिंचोळं टोक आहे, एका बाजूला खाडी एका बाजूला समुद्र.

---

चिकणमाती · रविवार दुपारी १२:४०

मांडव्याहून अलिबागला जाताना सासवणे लागतं, तिथे करमरकर शिल्पालय!!! प्लीज चुकवू नका. पुण्याचा तो १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ज्यांनी केला ते विनायक पांडुरंग करमरकर, त्यांचं राहतं घर. अंगणात सिमेंटची म्हैस बसलीये, मी पहिल्यांदा गेले तेव्हा खरंच बाजूने वळसा घालून गेले. कोळीण आहे, शंख फुंकणारा आहे, कुत्रा आहे. कॉलेजच्या ट्रिपला सर आम्हाला घेऊन गेले होते, सगळी पोरं बीचवर पळाली आणि मी तिथेच तीन तास. चढ शून्य, सावली भरपूर, काकूंना नक्की आवडेल.

---

जुनी_लोकल · रविवार दुपारी १:१०

आणि तिथून पुढे किहीम. तिथे सलीम अलींनी १९३० ला सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर आत जाते, मग नर लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. किहीममधल्या आजच्या बंगल्यांबद्दल मी काही बोलत नाही.

---

ठाकुरद्वार_नाका · सोमवार रात्री ९:१५ (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. जाऊन आलो काल!

रोरोने गेलो, आई डेकवर उभी राहिली पूर्ण वेळ, खाली बस म्हटलं तर ऐकेना. सासवणे केलं, म्हशीला तिने हात लावून बघितला. वेधशाळेची पाटी दाखवली. अक्षी केलं. सिनेगॉग बंद होतं, बाहेरून बघितलं. निकितिनसाहेबांच्या शाळेला रविवारची सुट्टी, गेटच्या फटीतून दर्शन. कोर्लईला फक्त बायको वर गेली, मी आईबरोबर खाली बसलो असं सांगतोय, खरं म्हणजे मलाच चढवलं नाही. पोपटी मिळाली, भांबुर्ड्याची, @खारी_हवा सुटलात. हमामखाना तिसऱ्या माणसाला विचारल्यावर सापडला, ताई तुमचं अर्ध्यांचं गणित चुकलं, तीनातल्या दोघांना माहीत नव्हता.

पण सांगायचं आहे ते रामेश्वराचं. सकाळी पावणेआठला पोचलो. आई पुष्करणीच्या वरच्या पायरीवर बसली आणि अर्धा तास काही बोललीच नाही, मला वाटलं गुडघा दुखतोय. मग देवळात गेलो, पर्जन्यकुंडाला वळसा घालून. बाहेर एक आजोबा फुलं वेचत होते, साधारण आईच्याच वयाचे, त्यांनी विचारलं कुठून आलात. आई म्हणाली गिरगाव, पण माहेरचं चौलकर. तर ते म्हणाले, चौलकर मुंबईत झालात हो, इथे कोणी स्वतःला चौलकर कशाला म्हणेल, इथे सगळेच चौलचे. मूळ आडनाव काय?

आईला माहीत नाही! मला तर प्रश्नच कधी पडला नाही.

मग म्हणाले, बरं पाखाडी कोणती? तर आई एकदम थांबली आणि म्हणाली की आजोबा झोपवताना काहीतरी म्हणायचे, अमक्या पाखाडीतला चोर आला, गप झोप. ती इतकी वर्षं समजत होती की पाखाडी म्हणजे पायऱ्या, गिरगावात आम्ही पायऱ्यांच्या गल्लीला म्हणतो तसं. आजोबा हसले, म्हणाले इथे पाखाडी म्हणजे वाडा, मोहल्ला, कोणत्या पाखाडीतला चोर ते आठवा म्हणजे मी घर दाखवतो.

---

रेवदंडेकरीण · सोमवार रात्री ९:२२

अय्या!!! मग? कोणती पाखाडी??

---

ठाकुरद्वार_नाका · सोमवार रात्री ९:४०

आठवत नाहीये तिला. परतीच्या बोटीत पूर्ण वेळ पुटपुटत होती. मोठा मामा आहे बोरिवलीला, ८१ वर्षांचा, त्याला आठवेल म्हणते. कालपासून फोन लावतोय, कानाचं मशीन काढून ठेवलं असणार, उचलतच नाहीये. उद्या जातोय त्याच्याकडे.

---

अर्धा_कटिंग · सोमवार रात्री ९:४४

मी इथेच बसलोय. चहा टाका कोणीतरी.